थोरल्या पातीचा दरवाजा

"कोणत्या पातीचे, भिया?" कापसाच्या कारखान्यात कोणीही आलं की दारावरचे जमादार काठी आडवी धरून आधी हे विचारायचे.

तुम्ही देवासचे असाल तर हसाल. आमच्या गावात एके काळी दोन राजे होते, एक थोरल्या पातीचे, एक धाकट्या. राज्यं गेली, पण जमादारांच्या डोक्यातून गेली नव्हती. वाटणीची रेघ कारखान्याच्या अंगणातून जायची म्हणे, म्हणून त्याला दोन दरवाजे. थोरल्यांची कमान गोल, धाकट्यांची टोकदार. मी गवंडी माणूस, शाळा दुसरीतच सोडली. पण विटेतलं मला कळतं. दोन्ही कमानी एकाच हाताच्या आहेत. जमादारांना हे सांगितलं तर ते दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. मीही बोललो नाही. मी धाकट्या पातीचा.

जमादार थोरल्या पातीचे; उभ्या जन्मात ते टोकदार कमानीखालून गेले नाहीत. पावसात भिजत वळसा घालायचे.

पुढे कारखाना बंद पडला, गोदाम झालं. नव्या मालकाने एकच दरवाजा ठेवायचं ठरवलं आणि थोरल्यांचा बुजवायचं काम मला दिलं. जमादार स्टूल टाकून कमानीखाली बसले.

"तुला आनंद झाला असेल."

"झालाच. उठा आता, कालवलेला माल सुकतोय."

"दसऱ्याला इंजिनाला कुंकू कोण लावणार? बापापासून आमचा मान आहे."

"पलीकडून या."

"मर जाऊंगा, पण तिकडून नाही येणार."

उठले आणि मागे न बघता गेले.

जुनं इंजिन दरवाज्याच्या आतच, कडेला. हात लांबवला की लागेल असं. मी भिंत चढवली, पण तिथे छातीच्या उंचीवर दोन विटा लावल्याच नाहीत. मालकाला सांगितलं, हवा लागते.

दसऱ्याला आम्ही सगळे आत उभे. बाहेरून आधी खोकला आला, मग भोकातून खांद्यापर्यंत हात. बोटं चाचपडत इंजिनाला लागली. कुंकू लावलं.

"नीट लागलं का रे?"

"थोडं वाकडं."

"तुझ्या भिंतीसारखं."

काही दसरे तो हात येत राहिला. गेल्या श्रावणात जमादार गेले. तरी दसऱ्याला आम्ही ताट धरून जरा वेळ भोकाकडे बघत उभे राहिलो.

आता मालक म्हणतात, बुजवून टाक, मांजरं शिरतात. मी सांगतो, म्हातारा झालो, हात चालत नाही. परवा त्यांच्यासमोरच मी शेजारच्याची अख्खी भिंत उभी केली. त्यांनी पाहिलं. मीही त्यांच्याकडे पाहिलं.