जोतिबाच्या चढावर थांबलेलं पेट्रोल

पत्नीला अर्धांगवायू झाला त्या दिवसापासून मी देवघरात दिवा लावणं सोडलं होतं. देवावर राग होता म्हणावं तर तेही खरं नाही. रागावण्याइतका तो जवळचा वाटत नव्हता. माझं उभं आयुष्य उद्यमनगरात लेथ मशीनवर गेलं. जे बिघडतं त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, एवढाच माझा धर्म. पण तिची लुळी पडलेली उजवी बाजू आणि अडखळणारी जीभ माझ्या हातांनी दुरुस्त होणारी नव्हती. वर्षभर तिनं उंबरा ओलांडला नाही. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी कुणी भेटायला आलं तरी ती भिंतीकडे तोंड करून पडून राही.

एका रविवारी सकाळी ती आपणहून बोलली, "जोतिबा... आपल्या गाडीनं."

आपली गाडी म्हणजे स्वातंत्र्याआधीची एक विलायती मोटार. भंगारात निघालेली ती मी घेतली आणि अकरा वर्षं खपून उभी केली. मी खाली झोपून नट आवळायचो, ही वाकून बॅटरीचा उजेड धरायची. या गाडीला पेट्रोल खेचणारा पंप नाही. टाकी इंजिनाच्या मागे, उंचावर. तिथून पेट्रोल आपल्याच वजनानं नळीतून कार्बोरेटरात उतरतं. वाटेत गाळणी म्हणून पितळी जाळीची एक वाटी असायची. महिन्यापूर्वी मी ती काढून नव्या गाड्यांचा, पारदर्शक डबीतला कागदी फिल्टर बसवला होता. जास्त बारीक गाळेल, गाडी दगा देणार नाही, असा माझा हिशेब.

केर्लीच्या फाट्यापर्यंत गाडी झकास आली. जोतिबाचा चढ लागला आणि पहिल्याच वळणावर आचके देऊन बंद पडली. दहा मिनिटांनी चालू झाली, शंभर पावलं गेली, पुन्हा बंद. असं चार वेळा झालं. मी प्लग पुसले, वायरी तपासल्या, टाकीचं झाकण उघडून पाहिलं. पेट्रोल होतं, ठिणगी होती. पाचव्यांदा मात्र ती चालूच होईना. वर ऊन चढलेलं. मागच्या सीटवर पत्नीची मान एका बाजूला कलली होती, ओठ कोरडे पडले होते. फोनला रेंज नव्हती. दोन जीपगाड्यांना हात केला, त्या भरलेल्या होत्या. तिला इथवर आणलं कशाला, असं मला झालं. मी पाना खाली ठेवला, रस्त्याकडेच्या दगडावर बसलो आणि मनात म्हणालो, "माझं संपलं. आता तुझं तू बघ." ती प्रार्थना होती की त्रागा, मला आजही सांगता येत नाही.

थोड्या वेळानं एक स्कूटर येऊन थांबली. चालवणारे पांढरी टोपी घातलेले वयस्क गृहस्थ, मागे त्यांची बायको. पन्हाळ्याला लेकीकडे निघाले होते, फाट्यावर चुकून या रस्त्याला लागले.

बाई उतरल्या त्या थेट पत्नीकडे गेल्या. "पावणं, आदी ह्यांस्नी सावलीत घ्या की! गाडी कुटं पळून जात न्हाय."

आम्ही तिघांनी मिळून तिला झाडाखाली नेलं. बाईंनी नाडी पाहिली, आपल्या बाटलीतल्या पाण्यात पिशवीतलं मीठ-साखर घालून घोट घोट पाजलं, पदर ओला करून तोंड पुसलं. तिनं डोळे उघडले. मग बाई माझ्या उघड्या बॉनेटपाशी आल्या. पेट्रोल कसं येतं ते मी सांगितलं. त्यांनी त्या पारदर्शक फिल्टरवर बोट टेकवलं. आत तळाला जेमतेम चमचाभर पेट्रोल होतं.

"जन्मभर दवाखान्यात सलाइनी लावल्यात मी," त्या म्हणाल्या. "बाटली खाली आली की थेंब थांबतोय. चढावर गाडीचं तोंड वर, मागची टाकी खाली गेलीया न्हवं? त्यात ह्ये मधी बसलंय. काढा की त्ये."

लेथवर केस पांढरे केलेल्या माणसाला एवढं सुचलं नव्हतं. सगळं आपसूक उतरत होतं. जास्त काळजीपोटी मीच मध्ये बूच बसवलं होतं. पितळी वाटी टूलबॉक्समध्ये होती. ती बसवली, टाकीचा कॉक उघडला आणि पेट्रोल सरसर खाली आलं. इंजिन लागलं. मी हात जोडायला वळलो तोवर त्यांची स्कूटर फाट्याकडे उतरू लागली होती. नाव विचारायचं राहून गेलं.

ते गृहस्थ नुसते रस्ता चुकले की कुणी त्यांना वळवलं, याचा मी निवाडा करत नाही. त्या माउलीचे उपकार मात्र रोज स्मरतो. हात चालतात तोवर माणसानं काम करावं. पण ते टेकले की टेकू द्यावेत. मी ते टेकले नसते, तर बहुधा त्या स्कूटरलाही "काही नाही, होईल चालू" म्हणून पुढं जाऊ दिलं असतं.

डोंगरावर पायऱ्या उतरून देवळात जाणं तिला जमणारं नव्हतं. मी आत जाऊन गुलाल घेऊन आलो. गाडीत बसूनच तिनं शिखराकडे पाहिलं आणि डावा हात कपाळाला लावला. परत निघताना मी विचारलं, "देवाकडं काय मागितलंस?"

ती हसली. शब्द जुळवायला तिला वेळ लागला.

"मागायचं काय? आलो की."