सरकता दिवा

त्यांना सगळे उजेडराव म्हणत. धंदा वायरमनचा, हे एक कारण झालं. दुसरं असं, की घरात काही सांडलं-मोडलं की बायको म्हणायची, "पाडलात उजेड?" ते शेजारणींनी ऐकलं आणि नाव चिकटलं ते कायमचं. त्यांना त्याचा राग नव्हता. कुणी तशी हाक मारली की उलट स्वारी खूश.

उमेदीची सगळी वर्षं एका खोलीत गेली. खोली कसली, खुराडंच ते. घरमालकाने बल्बही एकच लावू दिलेला. मग लोकांकडे झुंबरं टांगणाऱ्या या गृहस्थांनी स्वतःच्या घरात काय करावं? बल्बला लांबलचक वायर जोडली आणि छताला ठिकठिकाणी हूक मारले. स्वयंपाकाच्या वेळी बल्ब शेगडीवर, मग लेकीच्या पुस्तकावर, जेवणं आटोपली की बायकोच्या शिलाई मशीनवर. जिकडे बल्ब, तिकडे बिऱ्हाड. बाकीची खोली अंधारात विरघळून जाई, आणि त्या पिवळ्या गोलात तिघं गुडघ्याला गुडघा लावून बसत. मशीन चालवता चालवता बायको काहीतरी गुणगुणायची. ना सूर, ना ताल. पण त्या आवाजावर लेकीचा डोळा लागायचा आणि पाठोपाठ बापाचाही.

"बघशील तू," ते बायकोला सांगत, "एक दिवस कोपऱ्याकोपऱ्यात दिवा लावून देईन तुला."

पुढे लेक मिळवती झाली आणि तिने मोठं घर घेतलं. दिवाणखाना असा ऐसपैस, की या टोकाची हाक त्या टोकाला पोचेपर्यंत दमून जावी. मग काय, माकडाच्या हाती कोलीत! उजेडरावांनी छतात दिवे लावले, कपाटात लावले, पलंगाखालीसुद्धा लावले. सगळे पांढरेशुभ्र. घरात सावली म्हणून उरली नाही.

बायकोने आधी कौतुक केलं. मग तिचं बोलणं कमी झालं. बसायची ती भिंतीला खुर्ची टेकवून, तीही कडेला. मशीनवर धूळ साचली आणि गुणगुणणं कधी थांबलं ते कुणाला कळलंही नाही. उजेडरावांना वाटलं, वयोमानाने तिला दिसत नसेल. म्हणून त्यांनी आणखी दोन दिवे लावले. आता या माणसाला काय म्हणावं!

एके दुपारी ती घरात कुठे दिसेना. शोधता शोधता सापडली अडगळीच्या खोलीत, खोक्यांच्या मधोमध, दार जरासं लोटून शेंगा सोलत बसलेली. इथं बरं वाटतं, एवढंच म्हणाली. त्यानंतर आठवड्याभरात तिने थोरल्या बहिणीकडे राहायला जायचं काढलं. बहीण एकटीच असे, एका खोलीत. किती दिवस, असं विचारलं तर ती पिशवी झटकायला लागली. साड्या पिशवीत गेल्या, चष्मा गेला, तोवर ठीक होतं. पण मशीनच्या तेलाची कुपीही आत गेली तेव्हा उजेडराव उठून उभेच राहिले. तेल नेतेय म्हणजे ही तिकडेच शिवायला बसणार. मशीनसुद्धा मागवून घेणार.

एवढं सगळं केलं कुणासाठी, म्हणून ते चिडले. ती शांतपणे म्हणाली, "अहो, तिकडे लांब बसलेले तुम्ही मला परके वाटता. स्टेशनावर बसलेल्या माणसासारखे."

ते त्यांना फार लागलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी अंधारून आलं तरी त्यांनी एकही बटण दाबलं नाही. जुनी वायर त्यांनी टाकून दिली नव्हती, टाकवलीच नव्हती. शिडी लावून नव्याकोऱ्या छताला त्यांनी भोकं पाडायला घेतली. लेक कामावरून आली आणि तिने डोक्याला हात लावला. बडबड नंतर कर, आधी शिडी धर, म्हणाले.

हाताला येतील असे हूक त्यांनी साखळ्यांनी खाली सोडले आणि त्यातल्या एकावर बल्ब टांगला. मशीन, खुर्ची, जुनी चटई, सगळं त्यांनी त्याच्याखाली ओढलं आणि दिवा लावला. एवढा थोरला दिवाणखाना कुठल्या कुठे गेला. भिंती धुक्यात गेल्यासारख्या लांब सरल्या, छत नाहीसं झालं आणि उरला तोच पिवळा गोल, जुन्या खोलीएवढा. लेक तिचा लॅपटॉप घेऊन न सांगता चटईवर येऊन बसली. उजेडरावही टेकले. अडगळीच्या खोलीचं दार वाजलं तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. काही बोललो तर बिघडेल, अशी त्यांना भीती वाटत होती.

ती आली. उजेडाच्या काठाशी थोडा वेळ उभी राहिली. मग हात वर करून तिने बल्बची वायर हुकातून काढली आणि पुढच्या हुकात अडकवली.

"इकडे असू दे," ती म्हणाली. "तुमचं तोंड दिसत नव्हतं मला."

मशीनवरची धूळ तिने पदराने पुसली, चाक फिरवून पाहिलं. करकर आवाज आला.

"पिशवीतली तेलाची कुपी आण गं," तिने लेकीला सांगितलं, आणि वाट पाहता पाहता ती काहीतरी गुणगुणू लागली.

लेक कुपी घेऊन आली तेव्हा उजेडरावांचा डोळा लागला होता.