एक अंडं उरलं तर

गुहेच्या अगदी आतल्या खोलीत पोचलो की शकूरभाई सगळ्यांना दिवे विझवायला लावायचे आणि मग सूर्याविषयी बोलायला लागायचे. स्वतःचा हात दिसणार नाही असा काळोख, वटवाघळांचा वास, खाली ओला दगड, आणि हा माणूस विचारतोय, "पाटणकर, तुमच्या गच्चीवर दुपारचं किती ऊन वाया जातं, बघितलंय कधी?"

पनवेलच्या आसपासच्या डोंगरांतल्या घळी आणि भुयारं बघत हिंडणारा आमचा सात-आठ जणांचा गट होता. मी त्यात आले १९८८च्या हिवाळ्यात. तेव्हा मी चाळिशीला टेकले होते आणि एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. परीक्षानळ्या मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या, हे रोजचं काम. गटाने ते बरोबर हेरलं आणि दुसऱ्याच रविवारी यादी माझ्या हाती दिली. दोर, हेल्मेटं, बॅटरीचे सेल, पाणी, आणि सगळ्यांत वर, आत कोण गेलं आणि बाहेर कोण आलं. माझ्या आधी एकदा एक नवा सभासद तास-दीड तास आतच राहिला होता. पुढच्यांना वाटलं तो मागे आहे, मागच्यांना वाटलं पुढे गेला. तो सुखरूप निघाला, पण परत कधी आला नाही. तेव्हा जितके आत तितके बाहेर, ही माझी जबाबदारी. गुहेत कोणाला काय सापडतं याच्याशी मला फारसं कर्तव्य नव्हतं.

शकूरभाई तेव्हा पंचावन्नच्या पुढे होते. उंच, किडकिडीत, खुरटी पांढरी दाढी. आखाती देशात एका तेल कंपनीच्या छावणीत वीस वर्षं जनरेटर सांभाळून ते पनवेलला परतले होते. मशिदीच्या मागच्या गल्लीत त्यांचं बॅटऱ्या चार्ज करायचं आणि मोटारी गुंडाळायचं छोटं दुकान होतं. येताना बाकीचे लोक टेपरेकॉर्डर आणि ब्लँकेटं आणत, यांनी चहाच्या ट्रेएवढा एक सोलर पॅनल आणला होता. तो घराच्या कौलांवर बसवला होता आणि त्यावर एक दिवा आणि एक रेडिओ चालायचा. बाजारातली वीज गेली की गल्लीतली मंडळी त्या दिव्याशी येऊन बसत. आयुष्य तेलात घालवून सूर्याची वकिली कशी काय करता, असं मी एकदा विचारलं. "तेल संपतं कसं ते मी जवळून बघितलंय," ते म्हणाले, "म्हणून."

गुहेत यायचे ते छावणीतला नारिंगी बॉयलर सूट घालून. तो इतका विटला होता की दगडात मिसळून जायचा. सोबत स्वतः बनवलेला सोलर कुकर. आतून काळा रंगवलेला पत्र्याचा डबा, वर काच, झाकणाला आरसा. गुहेच्या तोंडाशी सावली कशी सरकेल याचा अंदाज घेऊन ते तो ठेवायचे, आत पाण्याशिवाय नुसती अंडी मांडायचे आणि मग आत शिरायचे. दहाला आत गेलो तर एकला बाहेर येईपर्यंत अंडी उकडलेली असत. आरसा फिरवायला कोणी नसे म्हणून कधी कधी कच्ची राहत. त्याचा दोष ते पाटणकरांच्या सरकारी विजेला देत.

पाटणकर वीज खात्यात कारकून होते, पुण्याहून बदलून आलेले, विचुंब्याला नवीन घर घेतलेले. त्यांचं ठाम मत की गावोगाव तारा पोचल्या की हे सगळे डबे-आरसे भंगारात जाणार. किनाऱ्यावरच्या करंज्याचा जनार्दन मोकल फिटर होता, त्याचा भरवसा वाऱ्यावर. उलव्याकडच्या मिठागरांत पवनचक्कीने पाणी उपसता येईल, असं तो दर रविवारी नव्याने सांगायचा. एकदा पाटणकरांनी सूर्यशक्ती म्हणजे अजून प्रयोगशाळेतली गोष्ट असं म्हटल्यावर जनार्दन म्हणाला, "आमच्या बायका सुकट सुकवतात, ती काय तुमच्या विजेवर? आमी सूर्य कवाच वापरतो. बिल नाय येत, म्हणून तुमच्या कागदावर नाय." पाटणकरांचं उत्तर अंधारात आलं नाही. शकूरभाईंनी लगेच विचारलं, "पाटणकर, आहात ना?" सगळे हसले. मीही.

पण मला ही बैठक पटत नव्हती. सेल वाचवायला दिवे बंद करणं ठीक, पण अर्धा अर्धा तास शेणाच्या गॅसवर? तिथून विषय कोणाच्या मुलीच्या स्थळावर, तिथून पुलावात बटाटा घालावा की नाही यावर. गुहेबद्दल मात्र एक शब्द नाही. भुयारात बसून भुयाराचा विषय काढला की नवा माणूस घाबरतो, असं शकूरभाईंचं म्हणणं. मी गटाच्या वहीत एक ओळ लिहिली, आत विषयांतर टाळावे. त्यांनी ती वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बरं सेक्रेटरीबाई."

पुढच्या रविवारी दिवे विझले आणि कोणी बोललं नाही. पाणी ठिबकत होतं तेवढंच. दोन-तीन मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की माझ्या उजवीकडे कोण बसलंय हे मला माहीत नाही. डावीकडे कोणी आहे की नाही, तेही नाही. यादी खिशात होती आणि तिचा काही उपयोग नव्हता. मीच बॅटरी लावली. बाहेर आल्यावर शकूरभाईंनी मला सोललेलं अंडं दिलं आणि सांगितलं की ते प्रश्न नेहमी एकाच क्रमाने विचारतात. आधी पाटणकर, मग जनार्दन, मग बाकीचे, शेवटी मी. उत्तर काय येतं याची त्यांना फिकीर नसायची. कुठून येतं ते ते ऐकायचे.

"नुसती हजेरी घेतली की लोक 'हजर' म्हणतात आणि परत गप्प बसतात," ते म्हणाले. "भांडण लावून दिलं की बोलत राहतात."

ती ओळ मी खोडली. वहीत केलेली माझी ती पहिली खाडाखोड.

त्यानंतर तीन वर्षं दोन मोजण्या चालल्या. तोंडाशी माझी, आत त्यांची. त्यांची चुकायला लागली ते मला आधी दिसलं होतं. ते एकच प्रश्न दोनदा विचारायचे. त्यांचा रेडिओ गल्लीच्या टोकाला ऐकू येऊ लागला होता. डावीकडून हाक मारली तर वळायचे नाहीत. हे सगळं मी पाहिलं आणि तरीही त्यांना पुढे ठेवत गेले, कारण त्यांच्यासारखं आत नेणारं दुसरं कोणी नव्हतं.

एका डिसेंबरच्या रविवारी आम्ही माथेरानच्या डोंगररांगेतल्या एका भुयारात होतो. आतल्या खोलीत जायला वीस-पंचवीस फूट पोटावर सरकत जावं लागे, आणि त्या वाटेला मध्येच एक फाटा होता. फाट्याच्या शेवटी पाण्याने भरलेला खड्डा. दिवे विझले. पाटणकरांचं ऊन झालं. मग शकूरभाईंनी विचारलं, "जनार्दन, करंज्याचा वारा काय म्हणतो?" जनार्दन त्यांच्या डावीकडे बसला होता. घसा बसलेला, पण उत्तर त्याने दिलं. मी ऐकलं. शकूरभाईंनी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा उत्तर दिलं. मग त्यांची बॅटरी लागली, आणि ती नेमकी उजवीकडे, रिकाम्या कोपऱ्याकडे फिरली.

"जनार्दन फाट्यात गेला," ते म्हणाले, आणि कोणी काही म्हणायच्या आत पोटावर झोपून वाटेत शिरले.

आम्ही ओरडत होतो. ते थांबेनात. त्या वयात त्या अरुंद वाटेने कोणी इतक्या वेगाने जाऊ शकेल असं मला वाटलं नव्हतं. जनार्दन त्यांच्या मागून गेला, त्याच्या मागून मी. फाट्यात, खड्ड्याच्या हातभर अलीकडे, जनार्दनने त्यांचा घोटा धरला. शकूरभाईंनी मान वळवून मागे उजेड टाकला. कोपरं सोलवटून रक्त आलं होतं.

"मी हितंच हाय, शकूरभाई," जनार्दन म्हणाला. "मगाशी बोललो ना."

शकूरभाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, कानाने नाही, डोळ्यांनी ऐकत असल्यासारखे.

"बोललास?"

जनार्दनने दोन बोटं दाखवली.

आम्ही बाहेर आलो. शकूरभाईंनी कुकर उघडला, अंडी वाटली, आणि माझ्यासमोर येऊन म्हणाले, "जनरेटरने कान खाल्ले, सेक्रेटरीबाई. मला ठाऊक होतं. माझं नाव काढा."

पुढचे दोन रविवार ते आले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मी वही घेऊन दुकानात गेले. त्यांच्या उजव्या कानाशी उभी राहून मोठ्याने सांगितलं की यादीत खाडाखोड मला आवडत नाही, म्हणून नाव काढलेलं नाही, नवीन रकाना आखलाय. त्याच्या डोक्यावर लिहिलंय 'तोंडाशी'. आत कोण आहे हे जाणणारा एक माणूस बाहेर हवा, आणि आरसा फिरवायलाही.

"आरसा फिरवायला ठेवताय मला?" ते म्हणाले. "आणि मोजू कसा? ऐकू येत नाही."

मी म्हटलं, ते तुम्ही ठरवा. त्यांनी हातातली तार अर्धी गुंडाळून झाल्यावर ठरवलं. जितकी माणसं आत, तितकीच अंडी कुकरमध्ये. बाहेर आलेल्याने आपलं अंडं खायचं. बाहेर बसणारा मोजणीत नाही, त्याने घरची भाकरी खायची. "एक उरलं तर सगळे परत आत. मी कोणाचं ऐकणार नाही," ते म्हणाले, आणि क्षणभर थांबून, "तसंही नाहीच."

हा नियम त्यांनी पाळला. एका रविवारी संकष्टी होती आणि पाटणकरांना उपास. सगळे बाहेर आले, अंडं एक उरलं. पाटणकर स्वतः शकूरभाईंसमोर उभे राहून पोटावर हात फिरवून दाखवत होते. शकूरभाई अंड्याकडे बोट दाखवत होते. शेवटी आम्ही सगळे, पाटणकरांसकट, पुन्हा आत जाऊन आलो. तेव्हापासून उपासाच्या दिवशी पाटणकरांच्या नावाचा बटाटा उकडू लागला.

पाच-सहा वर्षं ते असे तोंडाशी बसले. शेवटी शेवटी ऐकू येणं पूर्ण बंद झालं, पण बोलणं नाही. बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला त्याचा प्रश्न विचारायचे आणि उत्तरही आपणच द्यायचे. "जनार्दन, वारा काय म्हणतो? आज पडला असेल." बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. एकदाही ते आत आले नाहीत. एकदा मात्र कुकर लावून झाल्यावर त्यांना गुहेत डोकं घालून उभं असलेलं मी पाहिलं. मला बघून ते आरसा पुसायला लागले.

ते गेले ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी, दुकानात काम करता करता. पुरुषमंडळी कब्रस्तानात गेली, मी त्यांच्या बायकोपाशी, भाभींपाशी बसले. निघताना त्यांनी कुकर माझ्या हाती दिला. घरात गॅस आहे, हा कोण वापरणार, म्हणाल्या.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी कुकर जनार्दनने वर चढवला, ऊन बघून लावला, अंडीही त्यानेच मांडली. पाटणकरांचा गुडघा दुखत होता, ते तोंडाशी बसले. आत सहा जण गेलो. बाहेर आलो तेव्हा मी सहा खुणा केल्या. सहा अंडी खाल्ली गेली.

"एक उरलंय," पाटणकर म्हणाले.

मी यादी पाहिली. चूक नव्हती. जनार्दनकडे पाहिलं. तो दोर गुंडाळत होता आणि मान वर करत नव्हता.

"उरलंय तर जाऊन बघायला हवं," मी म्हटलं.

हेल्मेटं पुन्हा डोक्यावर चढली. पाटणकरही गुडघा धरून आले. आतल्या खोलीत बसलो, दिवे विझवले. बराच वेळ पाणी ठिबकत राहिलं. मग माझ्या डावीकडून जनार्दनचा आवाज आला.

"पाटणकर, तुमच्या गच्चीवर दुपारचं किती ऊन वाया जातं, बघितलंय कधी?"

पाटणकरांनी घसा साफ केला आणि गावोगाव तारा पोचण्याबद्दल सांगायला लागले. जनार्दनने त्यांना मध्येच तोडलं. मग बाकीचे बोलले, एकेक करून. शेवटी माझी पाळी आली तेव्हा मी शेणाच्या गॅसची बाजू घेतली, जी मी इतक्या वर्षांत कधीच घेतली नव्हती.

बाहेर आल्यावर मी पुन्हा खुणा केल्या. उरलेलं अंडं काचेखाली अजून गरम होतं. ते कोणी खाल्लं, हे मी लिहून ठेवलेलं नाही.