सरांच्या ड्रायव्हरमधली चूक

बायपासनंतर आमचे सर ऑफिसात परत आले, तेव्हा सगळेच त्यांच्याशी हळू आवाजात बोलायला लागले. बेलापूरच्या आमच्या ऑफिसात ऑपरेटिंग सिस्टिमचं काम चालायचं. त्यातला डिस्कशी बोलणारा भाग, म्हणजे ड्रायव्हर, सरांनीच लिहिलेला. मला काम शिकवलं तेही त्यांनीच. आता मात्र त्यांच्याकडे नुसतं डॉक्युमेंटेशन तपासायला देत.

त्याच सुमारास टेस्टिंगची मशीन्स बंद पडायला लागली. दर वेळी वेगळ्या जागी. कधी नेटवर्कमध्ये, कधी साधी फाइल उघडताना. कोडचा कुठलातरी भाग दुसऱ्याच्या मेमरीत लिहून जात होता. माग काढता काढता मी सरांच्या कोडपाशी पोचले. मॅनेजर म्हणाला, "तूच बघ. त्यांना टेन्शन नको."

मी स्क्रीन जरा तिरकी करून बसले. दुपारी सर खुर्ची ओढत जवळ आले.

"माझ्या ड्रायव्हरमध्ये काय सापडलं?"

"काही नाही सर, सहज बघत होते."

"अगं, माझी छाती उघडली होती, डोकं नाही."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. मी स्क्रीन सरळ केली.

तिथे कोण लिहून जातं ते पकडायला, वापरून मोकळी झालेली मेमरी मी कुणाला परत न देता एकाच आकड्याने भरून ठेवली होती. मशीन पडल्यावर पाहिलं, तर त्या आकड्यांच्या मधोमध भलतंच काही लिहिलेलं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हा तर डिस्कवरचा डेटा. मोकळ्या जागेत कसा आला?"

मग ते रीट्रायचा, म्हणजे डिस्ककडे डेटा पुन्हा मागण्याचा कोड वाचत बसले. बराच वेळ.

"डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही, की मी समजायचो, ही आता देत नाही. तिच्यासाठी राखलेली जागा सोडायचो आणि नव्या जागेत पुन्हा मागायचो. पण ती बिचारी कामच करत होती गं. उशिरा का होईना, डेटा जुन्या जागी आणून टाकायची. तोवर तिथे दुसरंच कुणी राहायला आलेलं." ते मागे रेलले. "चूक माझीच. केवढं बरं वाटतंय! इतके दिवस तुम्ही मला चूक करण्याजोगं कामच देत नव्हता."

उपाय त्यांनीच सांगितला. आधी डिस्कला जुनं काम रद्द करायला सांगायचं, तिने होकार दिल्याशिवाय जागा सोडायची नाही, आणि ती गप्पच राहिली तर तिला रीसेट करायचं. मी टाइप करताना होकार तपासायचाच विसरले, तशी त्यांनी टेबलावर टिचकी मारली. "घाई!" पूर्वी मारायचे तशीच.

संध्याकाळी सरांच्या घरून काकूंचा, त्यांच्या बायकोचा, फोन आला. उशीर होईल, काम आहे, असं सर म्हणाले. मग फोन माझ्याकडे आला.

"खरंच काम आहे, की त्यांचं मन राखतेयस?"

"खरंच आहे, काकू. त्यांच्याशिवाय मला हे सापडलं नसतं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मग बसू दे त्यांना. फक्त जिन्याने उतरू देऊ नकोस."

मुद्दाम शोधून आणलेली एक खराब डिस्क लावून आम्ही टेस्ट सुरू केली. ती सारखी अडत होती, ड्रायव्हर पुन्हा मागत होता. मी सरांना लिफ्टने खाली नेऊन रिक्षात बसवलं.

सकाळी पोचले तेव्हा मशीन रात्रभरात एकदाही बंद न पडता चालूच होतं. सर माझ्या आधी येऊन त्याच्यासमोर बसले होते.