भिंतीवर बसलेली माणसं

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी अशोका गार्डन वस्तीतल्या छापखान्यात ताज्या पत्रकांचा गठ्ठा उचलत होते. फोन शैलाकाकूचाच होता. "हे गेले गं... सकाळी झोपेतच. तू ये, पण स्कूटर पळवत येऊ नकोस." त्याला आता काही आठवडे झाले. मनोहरकाकांविषयी लिहायला बसले की मात्र रडू येण्याआधी हसूच येतं.

ते माझे सख्खे काका नव्हेत. कारखान्याच्या पिपलानी टाउनशिपमध्ये आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचे, कारखान्यात वेल्डिंगचे फोरमन होते. निवृत्त झाल्यावर अवधपुरीत घर बांधलं आणि लगेच एक जुनी मिनीबस विकत घेऊन दारात उभी केली. तिच्यावर त्यांना चाकावरचं घर बांधायचं होतं. पलंग, शेगडी, खुर्चीच्या उंचीचा संडास, सगळं आत. मी चिडले. युनियनवाल्या बापाची मुलगी, पत्रकं वाचतच मोठी झालेली. म्हटलं, "काका, लोकांना एका जागी धड घर मिळत नाही, आणि तुम्ही फिरतं घर बांधताय?" काकांनी हातातल्या पान्याने खूण केली. ओट्यावर काकू पाय लांब करून बसली होती. "तिची बहीण अमरावतीला. रेल्वेची पायरी हिला चढवत नाही, बसमध्ये पाय दुमडवत नाहीत. कित्येक वर्षं दोघी फोनवर भेटतायत. तुझ्या पत्रकात गुडघ्यांचं काही आहे का?" नव्हतं.

मग भिंतींचा वाद सुरू झाला. लाकडी चौकटीवर पत्रा ठोकला तर स्वस्त पडतं, मोडलं तर कुठलाही सुतार दुरुस्त करतो. पण खिळ्यांच्या भोकांतून पाणी शिरतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. दुसरी रीत पत्रा, थर्माकोल आणि प्लाय एकावर एक चिकटवण्याची. ही भिंत हलकी आणि गार, पण चिकटवताना चूक झाली तर पापडासारखी सुटते. तिसरी रीत लोखंडी चौकटीची, आणि काकांनी अर्थातच तीच धरली. आमच्या टाउनशिपमध्ये वजन म्हणजे इज्जत. जन्मभर अजस्र यंत्रांची अंगं जोडलेल्या माणसाने बसच्या भिंतीही तशाच जोडल्या. इंजिनाचं काम बघणारे शकीलभाई चौकटीवर टिचकी मारून आमच्या शहराच्या बोलीत म्हणाले, "को खां, घर बना रए हो कि तिजोरी?"

पहिल्या फेरीला आम्ही सगळे निघालो. कॉलनीबाहेरच्या साध्या चढावर गाडी धापा टाकत थांबली, मग हळूहळू मागे यायला लागली. चाकांखाली विटा लावल्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ढकलून पाहिलं. आतून काकूचा आवाज आला, "चढत नसेल तर इथेच जेवू. भाजी गरम आहे." आणि आम्ही खरोखरच त्या चढावर बसून जेवलो. हात धुताना काका शांतपणे म्हणाले, "लोखंड उतरवतो."

चिकटवलेल्या भिंतीला सुकेपर्यंत सगळीकडून सारखा दाब लागतो. तो देणारं यंत्र घरी कुठून येणार? काकांनी रविवारी सकाळी गल्लीला पोहे-जिलबीचं आमंत्रण दिलं. अंगणात फळ्यांवर भिंत आडवी ठेवली, वर जाड प्लाय, त्यावर सतरंज्या आणि सतरंज्यांवर माणसं. निवृत्त फिटर, त्यांच्या बायका, नातवंडं, शकीलभाई. काका काठी घेऊन भोवती फिरत होते. "मिश्राजी, कोने में सरको. वजन बीच में मत डालो." सरस पकडेपर्यंत कुणी उठायचं नव्हतं. ही संधी साधून माझ्या बाबांनी कंत्राटी कामगारांवर भाषण ठोकलं. काका म्हणाले, "तुझ्या सभेतून आज पहिल्यांदा कुणी उठून गेलं नाही." मला तर त्या भिंतीत अख्खी एकजूट दिसायला लागली होती. थर वेगवेगळे, बळ एक... मी तसं म्हणताच काका वळले. "पत्रकात घालशील तर खरं घाल. ही घोषणेने चिकटत नाही, बसून राहावं लागतं." आजही मी हे वाक्य बैठकीत वापरते, कुणाचं ते सांगून.

ती गाडी बैतूलचा घाट चढली. अमरावतीत काकूची बहीण फाटकात उभी होती. तिने बहिणीला मिठी मारायच्या आधी आत डोकावून संडास पाहिला आणि म्हणाली, "माझ्याकडच्यापेक्षा बरा आहे की." पुढे ती फेरी दर हिवाळ्याची झाली.

तेराव्यानंतर नातेवाईक म्हणाले, आता गाडी विकून टाका, चालवणार कोण? काकू रिकामे कप गोळा करून आत गेली. मला वाटलं, संपलं हिचं जाणं-येणं. दुसऱ्या दिवशी शकीलभाई टायरची हवा बघताना दिसले. "भाभी ने बुलाया है," ते म्हणाले, "कह रई हैं, ताई राह देख रई होंगी."

गेल्या आठवड्यात आम्ही तिघं निघालो. भर दुपारी इटारसीच्या पुढे चहाला थांबलो. अशा प्रत्येक थांब्यावर काका खाली उतरून उन्हाच्या बाजूचा पत्रा चाचपायचे, मग आत येऊन त्याच जागी आतून तळवा टेकवायचे आणि मगच चहा मागायचे. या वेळी कुणीच उतरलं नाही. शकीलभाई स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसले होते. मग काकू उठली, दांडा धरून एक एक पायरी उतरली. बाहेरच्या पत्र्याला हात लावून तिने चटकन काढून घेतला. सावकाश वर आली, पलंगाशेजारच्या भिंतीवर तळवा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"गार आहे," ती म्हणाली. "चहा सांगा."