परक्या मातीतली ऋषीची भाजी

अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या घराला कुलूप लावून आईनं किल्ली शेजारच्या कुंदाकाकूंच्या हातात दिली. बॅगा केव्हाच टॅक्सीत गेल्या होत्या, पण आईचा पाय निघत नव्हता. "तुळशीला पाणी घाल गं कुंदा. मी येतेच आहे परत," ती म्हणाली. काकूंनी किल्ली पदराच्या टोकाला बांधली. बाबा हिवाळ्यात गेले. त्यानंतर आई चहा-पोळीवर दिवस काढत होती, म्हणून मी तिला कॅनडाला न्यायला आले होते.

इथं तिनं कधी तक्रार केली नाही, हेच मला जड जायचं. मी आणि नवरा ऑफिसला गेलो की ती खिडकीशी बसून राही. जेवणं म्हणजे दोन घास. किचनमध्ये ये म्हटलं तर म्हणे, "तुझं घर आहे, तुझ्या पद्धतीनं कर." गणपतीच्या आधी मात्र शांतपणे म्हणाली, "सण झाला की माझं तिकीट काढ."

मला अंबरनाथचं लहानपण आठवलं. गणपतीच्या सुट्टीत शिवमंदिराच्या रस्त्याला गावाकडच्या बायका पाट्या घेऊन बसायच्या. अळू, शिराळी, पडवळ, सुरण. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, या सगळ्या भाज्या एकत्र शिजवून ऋषीची भाजी करायची, म्हणून आई प्रत्येकीला विचारायची, "परसातलं आहे ना?" बाबा पिशवी धरून मागे उभे. तासभर जायचा, आणि मला शाळेची सुट्टी फुकट चालल्यासारखी वाटायची.

इथल्या पहिल्या ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी तिला बरं वाटावं म्हणून मी इंडियन स्टोअरमधून फ्रोजन अळू आणि शिराळी आणली. आईनं बर्फानं कडक झालेलं पाकीट हातात उलटंसुलटं केलं.

"हे कुठलं?"

"आपल्याकडचंच आहे आई, गुजरातमधून येतं."

"मग त्याला इथली भाजी कसं म्हणायचं? आपण राहतो तिथं, या दिवसांत जे उगवतं, ते घालायचं असतं." पाकीट ओट्यावर ठेवून तिनं विचारलं, "इथं काहीच उगवत नाही का?"

खरं तर इतक्या वर्षांत मलाही ते नीट माहीत नव्हतं. त्याच दुपारी तिला फार्मर्स मार्केटला घेऊन गेले. आधी ती माझा दंड धरून चालत होती. मग एका स्टॉलपाशी तिनं हात सोडला. चार्ड नावाच्या लाल देठांच्या पालेभाजीची जुडी उचलली, देठ नखानं मोडून पाहिला. "माठासारखा आहे," म्हणाली. श्रावणघेवडा, लाल भोपळा, कणसं. स्टॉलवर तिच्याच वयाची एक गोरी बाई होती.

"विचार तिला, हातानं लावलंय का?"

मी संकोचत विचारलं. बाई म्हणाली, घेवडा आणि पाला घरामागच्या वाफ्यातला, भोपळाही तिथलाच. कणसं मात्र शेतातली, ट्रॅक्टरवरची. आईनं कणसं परत ठेवली. उद्याच्या सणाला नांगरलेल्या जमिनीतलं चालत नाही, असं मी बाईला सांगितलं, तेव्हा तिनं आईकडे बघून हलकेच मान लववली. आईनंही.

दुसऱ्या दिवशी आईनं माझ्या किचनचा ताबा घेतला. डबे स्वतः शोधले, भोपळा चिरला, मीठ-मिरची घालून सगळं एकत्र शिजवलं. वास आपल्याकडचा नव्हता. चवही नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत जेवत होते. तिनं दुसऱ्यांदा भाजी वाढून घेतली आणि घास हातात तसाच ठेवून म्हणाली, "तुझ्या बाबांना नसती आवडली. अळू कुठंय म्हणाले असते."

बाबा गेल्यापासून तिनं त्यांचं नाव काढलं नव्हतं. मग आम्ही दोघी रडलो, ताटं तशीच समोर ठेवून, आणि रडून झाल्यावर उरलेलं जेवलो.

तिकिटाचं काय ठरेल, ते अजून ठाऊक नाही. बुवापाड्यातलं दार बंद झालं तेव्हा माझं माहेर संपलं, असं मी धरून चालले होते. पण त्या दुपारी बाबांबद्दल मोकळेपणी बोलता आलं, तेही माझ्याच टेबलाशी बसून. आता कुणी विचारलं तर मी माहेराचा पत्ता इथलाच सांगते.