सोसायटीचे पान काळे झाले तो दिवस

महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस शेती करू लागला, की गाव त्याच्याकडे कौतुकापेक्षा करमणूक म्हणून अधिक पाहते. माझी त्याबद्दल तक्रार नाही. परंडा तालुक्यातील आमच्या वाट्याच्या जमिनीत मी स्वतः उभे राहून घेतलेले पहिले पीक सोयाबीनचे होते आणि ते हमीभावाने विकले जावे, एवढीच त्या वर्षी माझी महत्त्वाकांक्षा होती. त्यासाठी खरेदी केंद्र चालवणाऱ्या सोसायटीच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागे. शेवटच्या दिवशी मी, सवयीप्रमाणे, रांगेत बराच मागे उभा होतो.

रांग सरकेना, म्हणून आम्ही खिडकीशी गोळा झालो. आत संगणक सांभाळणारी बाई पडद्याकडे पाहत होती. संगणकशास्त्राची पदवी घेऊन ती गावात सून म्हणून आली होती. पडदा पूर्ण काळा होता. त्यावर पांढऱ्या, शुद्ध मराठीत लिहिले होते : 'सोयाबीनला खर्चाइतका तरी भाव द्या. तोवर हे पान बंद.' खाली कोण्या अनोळखी गटाचे चिन्ह होते.

"हॅक झालंय," ती शांतपणे म्हणाली.

माणसे चक्क खूश झाली. मोबाईल निघाले, फोटो घेतले गेले.

"लई झ्याक लिव्हलंय. आपल्या आमदाराला जमलं नसतं."

"व्हय, पण पाचच्या आत नोंदणी न्हाय झाली तर माल व्यापाऱ्यालाच घालायचाय. त्याला दाव जाऊन फोटो."

मी आयुष्यात एकाही मोर्चात चाललो नव्हतो. घोषणाही कधी दिली नव्हती. काच न फोडता, टायर न जाळता ज्यांनी आमच्या मनातले वाक्य नेमक्या जागी लिहून ठेवले, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटला. मात्र ज्यांच्यासाठी ते लिहिले होते, त्यांचीच रांग त्याने अडवली होती, हेही मला दिसत होते.

सोसायटीचे चेअरमन साहेब घाईने आले. "कुलूप तोडलं कसं त्यांनी?"

"तोडलं नाही, उघडलं," बाई म्हणाली.

आमच्या भागात लग्नपत्रिका, दुकानाची पाटी, ट्रॅक्टरचे कपाळ, सगळ्यांवर पहिली ओळ 'श्री काळभैरव प्रसन्न' अशी असते. सोनारीचा भैरव सर्वांचा. संकेतस्थळाच्या माथ्यावरही तीच ओळ होती. आणि सुरुवात शुभ व्हावी म्हणून संचालक मंडळाने एकमताने पासवर्डही तोच ठेवला होता. पानाची पहिली ओळ वाचणाऱ्याच्या हाती आपोआप किल्ली येत होती.

"मग आता तुळजाभवानीचं नाव ठेवा," साहेब अगदी मनापासून म्हणाले.

"नमस्कार दारात करा, साहेब. किल्ली देवाच्या पायाशी नका ठेवू. ती जागा सगळ्यांना माहीत असते," बाई म्हणाली.

साहेबही हसले आणि पोलिसांना फोन लावायला बाहेर गेले. ती कामाला लागली. पानाची प्रत ती नेमाने वेगळी काढून ठेवत असे. तीच आता कामी आली. परंतु ते पान पुन्हा चढवण्याआधी ती बराच वेळ काही तपासत राहिली. मागून कुणीतरी तगादा लावला तेव्हा ती वळून म्हणाली, "तुमचे बँक खाते नंबर, आधार नंबर आहेत यात. हात लावल्याचं दिसत नाही. पण या वाटेनं भाव मागणारा आला, तसा खाती धुणाराही आला असता." मोबाईल पुन्हा खिशात गेले. पान काळे करणाऱ्यांना तिने शिव्या दिल्या नाहीत, त्यांची वाहवाही केली नाही. तिचा हा तोल मला त्या काळ्या पानाइतकाच थोर वाटला.

दुपार कलल्यावर पान उघडले आणि रांग सरकू लागली. माझ्या पुढच्या वृद्ध शेतकऱ्याची नोंद झाली, तरी ते खिडकी सोडेनात.

"ताई, ते वाक्य बी राहू द्या की. खोटं काय व्हतं त्यात?"

"लिहिणारा कोण, ते मला ठाऊक नाही, आजोबा. तुमचं म्हणणं असेल तर बाहेर फळा आहे. तुमच्या नावानं लिहा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. माझीच पाळी आली होती आणि पाच वाजत आले होते.

"सर, अक्षर तुमचं."

"जावा की. आयुष्यभर फळ्यावरच पगार घेतलाय."

"तुमची जागा म्या धरतो," आजोबा म्हणाले आणि खांद्यावरचे उपरणे त्यांनी खिडकीसमोर, माझ्या पायांच्या जागी अंथरले.

मी बाहेर गेलो. खडू उचलला. पानावरचेच वाक्य लिहिले. फक्त 'तोवर हे पान बंद' एवढे गाळले आणि खाली माझे पूर्ण नाव घातले. मागोमाग माणसे एकेक करून येत, आपले नाव लिहीत आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन उभी राहत.

परतलो तेव्हा खिडकीशी चेअरमन साहेब उभे होते. उपरणे जागेवर होते. कोणी ते ओलांडले नव्हते.

"फळा सोसायटीचा आहे, सर," ते म्हणाले.

"होय," मी म्हणालो. "नाव माझं आहे."

त्यांनी दारातून फळ्यावरची नावे वाचून काढली. "अक्षर मात्र देखणं आहे," ते म्हणाले आणि बाजूला सरकले. बाईने घड्याळाकडे पाहिले, माझ्याकडे सातबारा मागितला आणि माझ्या पहिल्या सोयाबीनची नोंद केली.